उतरलेलें वस्त्र

मराठी भाषेंत ‘वस्त्रें’ या शब्दाला एक जुना मान आहे. पेशवेपदाचीं वस्त्रें, सुभेदारीचीं वस्त्रें, सरदारकीचीं वस्त्रें असे उल्लेख इतिहासांत पानोपानीं येतात, आणि वाचणारा त्यांचा अर्थ कापड असा न घेतां अधिकार असा घेतो. त्याच भाषेंत ‘दुसऱ्याच्या अंगावरचें उतरलेलें’ हा शब्दप्रयोग मात्र माणसाला हिणवण्यासाठीं योजला जातो. या दोन बोलींच्या मध्यें एक तिसरी बोली आहे. ती जुन्या बाजाराची. तेथें वस्त्र कोणाच्या अंगावर होतें हें कोणी विचारीत नाहीं. तें कशाचें आहे, किती टिकेल आणि केवढ्यास द्याल, एवढेंच विचारतात. भारी वस्त्र थोडक्या पैशांत मिळविण्याची जी हौस आज शहरोशहरीं दिसते, तिचें मूळ या तिसऱ्या बोलींत आहे. आणि रायगडच्या किनाऱ्यावर तें शोधावयाचें म्हटल्यास फार दूर जावें लागत नाहीं.

हा किनारा म्हणजे उरणपासून श्रीवर्धन-हरिहरेश्वरापर्यंतचा मुलूख. १९८१ सालापर्यंत या जिल्ह्याचें नांव कुलाबा होतें. अलिबाग, रेवदंडा, मुरूड-जंजिरा हीं उघड्या समुद्रावरचीं ठिकाणें. पेण, नागोठणें, महाड हीं खाड्यांच्या पोटांत शिरलेलीं. या सर्वांत चौल जुनें. पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ नांवाच्या ग्रीक प्रवासग्रंथांत कल्याणच्या खालीं सेमुल्ला हें बंदर सांगितलें आहे, तें हेंच चौल असें विद्वान मानतात. दहाव्या शतकाच्या आरंभीं अरब प्रवासी मसूदी येथें येऊन गेला. पुढें पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत रशियांतील त्वेर गांवचा व्यापारी अफनासी निकितीन चौलास उतरला, आणि त्याला पहिलें नवल वाटलें तें लोकांच्या पेहेरावाचें, किंबहुना पेहेराव नसण्याचें. सामान्य माणसें डोक्यानें व छातीनें उघडीं. सरदाराच्या खांद्यावर एक वस्त्र आणि कमरेला एक वस्त्र. राजाच्या डोक्यालाहि वस्त्र. कोणाच्या अंगावर किती हात कापड आहे, यावरून त्याची पायरी ओळखावी, असा तो काळ होता.

सोळाव्या शतकाच्या आरंभीं पोर्तुगीज आले आणि त्यांनीं रेवदंड्यास कोट बांधला. त्यांच्या काळीं चौलच्या रेशमाला मोठें नांव मिळालें. १५८३ सालीं आलेला इंग्रज व्यापारी राल्फ फिच आणि त्याच सुमारास गोव्यांत राहिलेला डच प्रवासी लिन्सखोतेन हे दोघेहि त्याची ग्वाही देतात. चीनहून कच्चें रेशीम जहाजांनीं येई. तें येथें सिद्ध होऊन मागावर चढे, आणि तयार झालेलें कापड साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर खपे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्रजांनीं मुंबई वसविण्यास आरंभ केला, तेव्हां चौलचे विणकर तिकडे ओढले गेले, आणि त्यांच्या वस्तीसाठीं मुंबईच्या कोटांत एक रस्ता बांधविण्याचें कंपनीनें ठरविलें. १७४० सालीं पोर्तुगीजांनीं चौल सोडलें व तें मराठ्यांकडे आलें. तोंपर्यंत बंदराचें वैभव ओसरलें होतें. किनाऱ्यावरच्या माणसाला भारी कापड विणलेलें पाहण्यापेक्षां तें दुसरीकडून आलेलें पाहण्याचा प्रसंग त्यानंतर अधिक येऊं लागला.

आतां दरबारी वस्त्रांकडे वळावें. दरबारांत मानाचा म्हणून जो पोशाख दिला जाई त्याला ‘खिलत’ असें नांव होतें. या शब्दाचें मूळ ध्यानांत घेण्यासारखें आहे. ज्या अरबी धातूपासून तो निघाला, त्याचा अर्थ ‘अंगावरून काढणें’ असा आहे. राजानें स्वतःच्या अंगावरचें वस्त्र काढून सेवकाच्या अंगावर घालावें, हा या मानाचा मूळ प्रकार. म्हणजे खिलत हें मुळांत वापरलेलेंच वस्त्र होतें, आणि तें वापरलेलें होतें म्हणूनच त्याला मोल होतें! राजाच्या अंगाचा स्पर्श झालेलें वस्त्र ल्यावयास मिळणें म्हणजे त्याच्या सत्तेचा अंश मिळणें. पुढें राजेलोक कोठारांतून कोरे पोशाख काढून देऊं लागले, तरी शब्द जुनाच राहिला.

मराठी राज्यांत ही चाल तशीच चालली. श्रीवर्धनच्या भट घराण्यांतील बाळाजी विश्वनाथ यांना १७१३ सालीं शाहू महाराजांकडून पेशवेपदाचीं वस्त्रें मिळालीं. दुसऱ्याच वर्षीं त्यांनीं याच किनाऱ्यावरच्या कान्होजी आंग्र्यांशीं तह जुळवून आणला, आणि आंग्र्यांसारखा समुद्रावरचा बलाढ्य सरखेल शाहू महाराजांच्या पदरीं आला. ‘पदरीं असणें’ हा वाक्प्रचारहि वस्त्राचाच आहे, हें जातां जातां सांगावयास हरकत नाहीं. सरकारी पोशाखांचा सांठा जामदारखान्यांत राही. शालजोडी, शेला, पागोटें, किनखाबाचा जामा, यांची दप्तरांत किमतीसह नोंद होई. मान कितीहि मोठा असला तरी कारकुनाच्या लेखणीला त्याची रुपयांतली किंमत ठाऊक असे.

ही रुपयांतली किंमत उघड्यावर आली ती कंपनीच्या अंमलांत. आपले नोकर देशी राजांकडून नजराणे घेऊन गबर होतात हें पाहून कंपनीनें १७६५ सालीं त्यांच्याकडून त्याविरुद्ध करारपत्रें लिहून घेतलीं. पुढें अशी रीत पडली कीं, दरबारांत मिळालेला पोशाख गोऱ्या अधिकाऱ्यानें सरकारी तोशाखान्यांत जमा करावा. तेथून तो दुसऱ्या एखाद्या संस्थानिकाला परतभेट म्हणून जाई, किंवा विकला जाई. एका राजाची खिलत वर्षा-दोन वर्षांनीं दुसऱ्या राजाच्या खांद्यावर पडावी, असा हा व्यवहार. त्यांत मान निघून गेला आणि माल उरला.

मे १८१८ मध्यें कर्नल प्रॉथर यानें रायगड किल्ला घेतला, तेव्हां दुसऱ्या बाजीरावांच्या पत्नी वाराणसीबाई गडावर होत्या. त्यांना सोबत देऊन मानानें जाऊं दिलें. परंतु गडावरची सुमारें पांच लाखांची रोकड इंग्रजांच्या हातीं लागली. त्या काळच्या रीतीप्रमाणें लढाईंत सांपडलेल्या जिनसांचा ‘प्राइझ एजंट’ नांवाचे अधिकारी लिलांव करीत आणि आलेला पैसा फौजेंत दर्जाप्रमाणें वांटला जाई. ‘लिलांव’ हा शब्द मराठींत पोर्तुगीजांकडून आला आहे. म्हणजे वस्तु उतरत्या दैवाच्या हातांतून चढत्या दैवाच्या हातांत कशी जाते, हें सांगणारा शब्द या किनाऱ्याला समुद्रावरूनच मिळाला. पुढें १८४० सालीं आंग्र्यांचें कुलाबा संस्थान वारसाच्या अभावीं खालसा झालें. दरबार मोडला कीं पोशाख पेटींत जातो, आणि घरावर पेटी रिकामी करण्याची वेळ आली कीं तो दारांत येतो. इंग्रजींत ज्यांना जुन्या घराण्यांचे दिवस फिरले असें म्हणतात, त्यांच्या फिरलेल्या दिवसांतच जुन्या कापडाचा बाजार भरतो.

पण बाजारांत येणारें सर्वच भारी कापड दरबारी नव्हतें. त्याचा मोठा भाग घराघरांतील बायकांच्या पेट्यांतून येत असे, आणि त्याची कथा अधिक जवळची आहे.

मराठी घरांत लुगडें एकदम जुनें होत नसे. त्याला अनेक जन्म असत. कोरें लुगडें दुसऱ्या बाईला प्रथम नेसावयास देऊन तिच्याकडून त्याची घडी मोडून घ्यावयाची, ही प्रेमाची रीत होती. म्हणजे कित्येक लुगडीं मालकिणीच्या अंगावर जाण्यापूर्वींच वापरलेलीं असत, आणि त्यांत कोणाला कमीपणा वाटत नसे. थोरलीची पैठणी धाकटीला, सासूचा शालू सुनेला, असें होतां होतां वस्त्र विरलें म्हणजे त्याचे जरीचे काठ काढून दुसऱ्या लुगड्याला लावीत. पदराच्या तुकड्याची बाळाला कुंची होई, टोपडें होई. सुती लुगड्याचें मऊ दुपटें होई आणि शेवटीं गोधडी. बाळाच्या अंगाला कोरें कापड टोंचतें, म्हणून त्याला प्रथम जुन्याच वस्त्रांत गुंडाळीत. एवढ्या सगळ्या पायऱ्या उतरून जें उरे तेंच टाकाऊ.

मात्र एका प्रसंगीं ही सांखळी मध्येंच तुटे. पांढरपेशा घरांतील बाई विधवा झाली कीं तिच्या पेटींतील रंगीत वस्त्रें एका दिवसांत तिच्या दृष्टीनें निरुपयोगी होत. आलवणांत गुंडाळलेल्या बाईला पैठणीचा उपयोग काय? घरांत लेक-सून असली तर तिच्या वांट्याला तीं जात. नसलीं, किंवा घरांत पैशाची नड असली, तर तीं बाहेर पडत. तिच्या स्वतःच्या मालकीचें म्हणून जें थोडें धन तिच्याजवळ असे, त्यांत हीं वस्त्रें असत. आणि तीं कोणत्या भावानें गेलीं हें विचारण्याच्या मनःस्थितींत ती क्वचितच असे. जुन्या बाजारांत एखादें भारी वस्त्र आश्चर्य वाटावें इतकें स्वस्त मिळतें, तेव्हां त्या स्वस्ताईची किंमत कोठें तरी कोणी तरी आधींच भरलेली असते.

हा माल घरांतून बाजारापर्यंत नेणारी व्यक्ति म्हणजे बोहारीण. डोक्यावर भांड्यांची पाटी आणि काखेंत गांठोडें घेऊन ती दुपारीं, पुरुषमाणसें घरांत नसतील अशा वेळीं, आळींतून फिरे. जुने कपडे घ्यावयाचे आणि मोबदल्यांत भांडें द्यावयाचें, असा तिचा रोखठोक व्यापार. पैसा त्यांत नाहींच. दोन धोतरें आणि एक कोट यांना एक पातेली. मग पातेलीवर झांकण मागावयाचें, तिनें आणखी एक पोलकें मागावयाचें, आणि असा घासाघिशीचा डाव अर्धा तास चालावयाचा. तो पाहिलेल्यांना त्यांतली गंमत सांगावयास नको. घरधनिणीला वाटे कीं फाटक्या चिंध्या देऊन चकचकीत भांडें मिळविलें. बोहारणीला ठाऊक असे कीं त्या चिंध्यांच्या तळाशीं काय आहे. तिचा नफा भांड्यांत नव्हता. तिच्या नजरेंत होता.

ती नजर कशावर असे, हें समजण्यास जरीची घडण समजली पाहिजे. खरी जर म्हणजे चांदीची तार. चांदीच्या कांबीवर सोन्याचा पातळ थर चढवून ती जंत्रांतून ओढीत ओढीत केसासारखी बारीक करावयाची, चेपून चपटी करावयाची, आणि मग रेशमाच्या धाग्यावर पिळून बसवावयाची. सुरत हें या धंद्याचें मोठें ठिकाण. अशी जर पैठणच्या आणि येवल्याच्या मागांवर पैठणीच्या पदरांत विणली जाई. थोरले माधवराव पेशवे यांनीं पैठणहून निरनिराळ्या रंगांचे असावलीचे दुपट्टे मागविल्याचा उल्लेख जुन्या पत्रांत आहे. पैठणीचा पदर विणतांना प्रत्येक रंगाची कांडी वेगळी असते. एका रंगाचा धागा शेजारच्या रंगाच्या धाग्यांत अडकवून मागें फिरवितात. त्यामुळें पदराची उलट आणि सुलट सारखीच दिसते. वेल, मोर, कमळ, पोपट हें सर्व हाताचें काम. एकेका पदराला महिनेच्या महिने लागत.

आतां चांदीचा एक गुण असा कीं ती हवेनें काळवंडते. आणि किनाऱ्यावरच्या दमट, खारट हवेंत तर अधिकच. पेटींत वेखंड ठेवलें, मधून मधून घडी उलटली, तरी पन्नास वर्षांच्या पैठणीचा पदर मळकट, शिसवी दिसूं लागतो. अनभिज्ञ माणूस म्हणतो, जर काळी पडली, वस्त्र गेलें. जाणता माणूस नेमका उलट अर्थ घेतो. तांब्याच्या खोट्या जरीला लालसर, हिरवट कळा येते. अलीकडच्या प्लॅस्टिकच्या जरीला कांहींच होत नाहीं, तिचा मुलामा तेवढा सुटतो. काळवंडते ती चांदीची. म्हणून जुन्या बाजारांत ढिगाच्या खालीं पडलेलें, रंग उतरलेलें, पदर काळा झालेलें लुगडें हेंच पुष्कळदां ढिगांतलें सर्वांत मोलाचें असे. संशय आल्यास एक धागा कसोटीच्या दगडावर घासावा, किंवा काडीनें जाळून पाहावा: रेशमाची राख होते आणि धातूचा इवलासा मणी उरतो.

आणि हाच मणी पैठणीचा वैरी ठरला. जुनी जर विकत घेणारे फेरीवाले व दुकानदार वस्त्र तोलून घेत, रेशमाचें वजन वजा करीत आणि मोडीच्या भावानें पैसे देत. मग तें वस्त्र जाळीत. राख धुवावयाची, उरलेली धातु मुशींत वितळवावयाची, तेजाबांत टाकावयाची. चांदी विरघळते आणि सोनें तळाशीं राहतें. ज्या पदराला विणकराच्या आयुष्यांतले कित्येक महिने लागले होते, त्याचा हिशेब दुपार संपण्याच्या आंत कांहीं तोळ्यांत होई. चांदी महाग झाली कीं भट्टीला वस्त्र अधिक पडे. या व्यवहारांत लबाडी नव्हती. वजन चोख असे, भाव चोख असे. पण त्या तराजूच्या एका पारड्यांत हाताचें काम कधींच घातलें गेलें नाहीं. जुन्या पैठण्या आज इतक्या थोड्या दिसतात याचें मोठें कारण कसर किंवा वाळवी नव्हे, हा तराजू होय.

या व्यापाराचें केंद्र मुंबई. रायगडचा किनारा मुंबईला समुद्रानें जवळ आणि रस्त्यानें दूर. म्हणून भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी बोट हीच अनेक पिढ्यांची वाट. गिरणींत, गोदींत, छापखान्यांत काम करणारा किनाऱ्यावरचा माणूस सणाला घरीं जातांना काय नेई? नवें कापड परवडलें तर नवें. नाहीं तर नळबाजाराजवळच्या चोरबाजारांत एक फेरी. त्या बाजाराचें नांव मुळांत गोंगाटावरून ‘शोर बाजार’ होतें व त्याचें पुढें चोरबाजार झालें, अशी एक कथा सांगतात. तेथें साहेबाचा उतरलेला लोंकरी कोट, पारशिणीची गारा भरतकामाची साडी, नाटक कंपनीचा जरीचा अंगरखा हीं एकाच फळीवर शेजारीं शेजारीं नांदत. लंडनमध्यें मॉनमथ स्ट्रीट नांवाचा असाच जुन्या कपड्यांचा रस्ता होता. चार्ल्स डिकन्सनें तरुणपणीं त्यावर एक लेख लिहिला आहे. पॅरिसमध्यें ‘ताँपल’चा बाजार होता. मोठ्या शहरांत श्रीमंती आणि गरिबी शेजारीं शेजारीं राहतात, आणि त्यांच्या मधल्या भिंतीला जुन्या बाजाराचें एक दार असतें.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत या दारावर गर्दी झाली. गिरण्यांचें कापड लष्कराकडे वळलें, किमती भडकल्या, आणि १९४३ सालीं सरकारला कापड व सूत यांच्या नियंत्रणाचा हुकूम काढावा लागला. नवें धोतर मिळविणें ही जेव्हां एक मोहीम झाली, तेव्हां ठिगळाचें महत्त्व पांढरपेशांनाहि कळलें.

येथपर्यंत वस्त्राची गोष्ट झाली. परंतु याच जिल्ह्यांत, सावित्रीच्या खाडीवरील महाड गांवीं, उतरलेल्या वस्त्राच्या दुसऱ्या बाजूची गोष्ट घडली आहे, आणि ती वगळून हा विषय पुरा होत नाहीं.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायांत असें सांगितलें आहे कीं, चांडाळांनीं प्रेतांचीं वस्त्रें ल्यावीं, आणि सेवा करणाऱ्या शूद्राला उष्टें अन्न व जीर्ण वस्त्रें द्यावीं. हें केवळ पोथींत राहिलें नव्हतें. गांवगाड्यांत मढ्यावरचें कापड हें महाराच्या हक्कांत धरलें जाई. हक्क असें त्याला नांव. पण घेणाऱ्यानें वाकून घ्यावें आणि देणाऱ्यानें वरून टाकावें, असा तो हक्क. दरबारांतली खिलतहि उतरलेली आणि हें कापडहि उतरलेलें. एकानें माणूस वर चढे, दुसऱ्यानें तो खालींच राहील याची तजवीज होई.

मार्च १९२७ मध्यें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं महाडास चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. त्याच वर्षीं २५ डिसेंबरला तेथें पुन्हां परिषद भरली व मनुस्मृतीचें दहन झालें. या परिषदेच्या वेळीं बाबासाहेबांनीं जमलेल्या स्त्रियांशीं वेगळें भाषण केलें, आणि त्यांत लुगड्याचा विषय मुद्दाम काढला. नेसण्याच्या पद्धतीवरून जात ओळखूं येते, ती पद्धत टाकून द्या. वरच्या मानलेल्या वर्गांतल्या स्त्रिया नेसतात तसें नेसा. वस्त्र फाटकें असलें तरी चालेल, पण तें स्वच्छ ठेवा, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. त्यांच्या चरित्रांत नमूद आहे कीं तेथें आलेल्या स्त्रियांनीं तो उपदेश ताबडतोब अंमलांत आणला व लुगडीं घोट्यापर्यंत नेसून त्या बाहेर पडल्या. लक्षांत घ्यावयाची गोष्ट ही कीं, त्यांनीं नवीं लुगडीं आणलीं नव्हतीं. वस्त्र तेंच, जुनेंच. बदलला तो नेसणारीचा निश्चय.

जुन्या बाजाराचा एक गुण येथें ओळखला पाहिजे, कारण त्याला गुण म्हणून सहसा कोणी ओळखीत नाहीं. दान म्हणून मिळालेल्या जुन्या वस्त्राला देणाऱ्याचा चेहरा चिकटलेला असतो. विकत घेतलेल्या जुन्या वस्त्राला तसा चेहरा नसतो. चार आणे मोजून घेतलेला साहेबाचा कोट हा साहेबाचा राहत नाहीं; तो मोजणाऱ्याचा होतो. दुकानदार गिऱ्हाइकाची जात विचारीत बसला तर त्याचा धंदा बुडेल. घासाघीस हीहि बरोबरीची खूण आहे. भीक मागणारा किंमत पाडून मागत नाहीं. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या वरून टाकलेलें कापड झेलावें लागलें, त्यांच्या पुढच्या पिढीला शहरांतल्या ढिगांतून स्वतःच्या नजरेनें निवडून, भाव ठरवून कापड घेतां आलें, याची किंमत पैशांत सांगतां येणार नाहीं.

आतांच्या काळाबद्दल थोडेंच सांगावयाचें आहे. १९८९ सालीं उरणजवळ न्हावा-शेवा येथें नवें बंदर सुरू झालें, आणि चौलनें गमावलेला कापडाचा व्यापार वेगळ्या रूपानें या किनाऱ्यावर परत आला. परदेशांतील नामांकित कंपन्यांसाठीं आपल्याकडे शिवलेले कपडे पेट्यांत बंद होऊन येथून जातात. त्यांतील एखादी शिवण वांकडी गेल्यामुळें नाकारलेले किंवा ठरल्याहून जास्त शिवले गेलेले कपडे, कधीं कधीं कंपनीच्या नांवाची चिठ्ठी कापून, मुंबईच्या मैदानालगतच्या ‘फॅशन स्ट्रीट’वर येतात. हे जुने नव्हेत, पण त्यांची खरेदी जुन्या बाजाराच्या नियमांनींच चालते: नांव पाहूं नये, कापड चिमटींत धरून पाहावें. वापरलेले परदेशी कपडे आणण्यावर सरकारचे निर्बंध आहेत. तरी कच्छमधील कांडल्याच्या खास क्षेत्रांत त्यांची मोठी निवड चालते, आणि पानिपतांत जुन्या लोंकरीचें पुन्हां सूत होतें. पानिपत हें नांव मराठी माणसाला दुसऱ्या कारणासाठीं आठवतें. तेथें आज जुन्या स्वेटरांचीं ब्लँकेटें होतात हेंहि कळलेलें बरें.

जुन्या पैठणीकडे पाहण्याची दृष्टीहि पालटली आहे. दिनकर गंगाधर केळकर यांनीं पुण्यांत चाळीस-पन्नास वर्षें जुन्या वाड्यांतून, बाजारांतून, अडगळींतून वस्तु गोळा केल्या. त्यांत दिवे, अडकित्ते यांच्याबरोबर जुनीं वस्त्रेंहि होतीं. आपल्या लहानपणींच गेलेल्या मुलाच्या नांवानें उभारलेलें हें संग्रहालय त्यांनीं १९७५ सालीं महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केलें. अहमदाबादेस १९४९ सालीं सुरू झालेलें कॅलिको संग्रहालय तर केवळ वस्त्रांचेंच आहे. २०१० सालीं पैठणीला भौगोलिक निर्देशाची सरकारी नोंद मिळाली. त्यामुळें एवढें झालें कीं जुना पदर हातीं आल्यास तो तोलण्यापूर्वीं निदान उलगडून पाहावा, असें चार माणसांना वाटूं लागलें.

भट्टीची जागा मात्र आतां कात्री घेऊं लागली आहे. जुन्या पैठणीचे तुकडे करून त्यांचे बटवे, जाकिटें, उशांचे अभ्रे शिवतात, आणि मोठ्या दुकानांत ते चांगल्या किमतीला जातात. विरलेल्या वस्त्राचे तुकडे करणें हें जुन्या कुंचीसारखेंच शहाणपणाचें आहे. पण धड, नेसण्याजोग्या पैठणीलाहि पुष्कळदां कात्री लागते, कारण काळवंडलेल्या पदराच्या अखंड लुगड्यापेक्षां त्याच्या दहा बटव्यांना अधिक पैसा येतो. तेव्हां जुन्या बाजारांत ज्याच्या हातीं अखंड पैठणी लागेल, त्यानें तिची घडी हलक्या हातानें उकलावी, कारण जर घडीवरच तुटते; पदर दोन्ही अंगांनीं पाहावा; आणि भावासाठीं फार ताणूं नये. ताणून धरलें तर दुकानदार ती संध्याकाळपर्यंत बटवेवाल्याला देऊन मोकळा होतो.